ताईच्या पाच बाटल्या

झरा कोरडा ठणठणीत, आणि झऱ्याकाठच्या मठातल्या बाबांचा तांब्या काही रिकामा होईना. झरा आटल्यापासून पाचव्या दिवशी मी पोचले तेव्हा अख्खं गाव भांडी घेऊन रांगेत उभं होतं. बाबा तांब्या ओतत, पडद्यामागे जात आणि भरलेला तांब्या घेऊन बाहेर येत.

"हे वरून येतं," ते सांगत. "खालचं पाणी रुसलंय. कुणीतरी त्याला बाटलीत कोंडलं, म्हणून तेही कोंडून बसलं. जिने कोंडलं तिला आठ दिवस कोंडा. आठव्या दिवशी मी काठी आपटीन आणि झरा वाहील."

ती कुणीतरी म्हणजे माझी ताई. बाटल्या माझ्या.

मी प्रयोगशाळेत पाणी तपासते. गावाच्या डोक्यावर हिमनदी आहे. तिचं वितळलेलं पाणी कुठल्या महिन्यात कुठल्या वाटेने बाहेर पडतं, ते शोधण्याचं आमचं काम. त्यासाठी ताई दर आठवड्याला झऱ्याची एक बाटली भरून ठेवायची. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, तेव्हा झरा फुगायला हवा. हा आटला होता. वर बर्फ सरकून वाट बुजली असेल, असं मलाही आधी वाटलं.

पहिल्या दिवसापासून ताईला माडीवरच्या खोलीत ठेवलं होतं. किल्ली तिच्या सासूबाईंच्या कमरेला. मला फक्त जिन्याकडच्या खिडकीतून बोलायची परवानगी मिळाली.

"आठव्या दिवशी झरा आला तर मी दोषी ठरले," ताई गजांमागून म्हणाली. "नाही आला तर आणखी आठ दिवस. यातून मी सुटायची कशी, सांग."

 तिचे ओठ सुकले होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

"रडू नकोस, हे धर." तिने गजांतून एकेक करून पाच बाटल्या दिल्या. "रोज बाबांचं पाणी पाठवतात, शुद्ध व्हायला. तुझ्या रिकाम्या बाटल्या याच खोलीत होत्या. अर्धं पिते, अर्धं भरते. काठोकाठ, हवेचा बुडबुडा नाही, बुचावर चिकटपट्टी, वर तारीख."

"कोंडलेलं असताना?"

"हात स्वस्थ बसेनात गं."

बाटली काठोकाठ का भरायची, ते मीच तिला शिकवलं होतं. पाण्याचे सगळे कण सारखे नसतात. काही किंचित जड असतात. शास्त्रात त्यांच्यातल्या अणूंच्या अशा जड-हलक्या भावंडांना आयसोटोप म्हणतात. जड-हलक्याचं प्रमाण बर्फाच्या पाण्यात वेगळं आणि खालच्या पावसाच्या पाण्यात वेगळं, त्यामुळे पाणी आपलं माहेर लपवू शकत नाही. शिवाय उघड्यावर ठेवलं की हलके कण आधी उडून जातात आणि मागे जड उरतात.

मी बाटल्या घेऊन शहरात गेले, यंत्राला लावल्या आणि सातव्या दिवशी परत आले. सासूबाई रांगेत गेल्या होत्या. भावोजी ओसरीवर नळाची तोटी दुरुस्त करत होते. नळजोडणी हाच त्यांचा धंदा.

"बाबांचं पाणी वरून-बिरून येत नाही," मी म्हणाले. "पहिल्या दिवसाची बाटली हुबेहूब झऱ्याची आहे. पुढची रोज थोडी अधिक जड. म्हणजे झऱ्याचंच पाणी कुठेतरी उन्हावाऱ्यात साठवून ठेवलंय. उथळ, पसरट जागा असणार."

भावोजींनी पाना खाली ठेवला. 

"बाबांच्या मागच्या अंगणात उघडं टाकं आहे," ते म्हणाले. "थंडीत मीच बांधून दिलं. झऱ्याच्या तोंडाशी, आता पडदा आहे तिथे, व्हॉल्व्ह मीच बसवला. तो फिरवला की झऱ्याऐवजी टाकं भरतं, ते भरलं की पाणी दरीत सोडता येतं. फुलझाडांसाठी हवं म्हणाले होते."

"आणि सात दिवस गप्प बसलात?"

"आईसमोर, गावासमोर काय बोलणार? वाटलं, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो व्हॉल्व्ह ठाऊक असलेला माणूस एकच होता, म्हणून जीभ आवरली आणि पाना त्यांच्या हातात दिला.

झऱ्यावर पोचताच रांगेतून ते सरळ पडद्यामागे घुसले. बाबांचं "थांबा, तिथे देव—" अर्ध्यावरच राहिलं, कारण झरा खळखळून वाहू लागला होता. बाबाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"पाहिलंत?" त्यांनी हात वर केले. "माझ्या संकल्पाने एक दिवस आधी आला."

मागून भावोजींनी व्हॉल्व्ह फिरवला. झरा थांबला.

"करा संकल्प," आतून आवाज आला.

बाबांनी डोळे मिटले. काठी आपटली, पुन्हा आपटली. टिपूस नाही. मग भावोजींनी पडदा ओढून काढला आणि सगळ्यांसमोर पाना फिरवला. पाणी आलं. बंद केलं, गेलं. चार वेळा. चौथ्या वेळी रांगेतलं कुणीतरी हसलं आणि बाबा खाली बसले.

मी एवढंच म्हणाले, "सात दिवसांत या पडद्यामागे कुणी डोकावलं नाही. हात जोडायला हरकत नाही, पण आधी डोळे उघडे ठेवा. आणि एखाद्या बाईला कोंडल्याशिवाय पाणी येणार नाही असं कुणी सांगितलं, तर देव शोधू नका, पाइप शोधा."

सासूबाई घरी आल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी कुलपात फिरवली.

"आम्हाला काय कळतंय, बाई," दार उघडून त्या म्हणाल्या. "तू तरी सांगायचंस."

"रोज सांगत होते," ताई म्हणाली. "दार बंद होतं."