नानांची किल्ली

“सरका हो चष्मेवाले, दोघांचं बाक आहे,” म्हणत नाना किल्लीवाले शेजारी टेकले आणि चष्मेवाला बाकाच्या पार टोकाला सरकला. नगरपरिषदेच्या सभागृहात एवढी बाकं रिकामी होती. नानांना नेमकं हेच सापडावं! पण भिंतीला भिंत लावून दुकानं थाटलेली माणसं सभेत लांब कशी बसणार?

विषय दुकानांच्या पाट्यांचा होता. फुटपाथवर पुढे आलेली पाटी चालणार नाही, हा नियम फार जुना. कुणी तो पाळला नव्हता आणि कुणी पाळायला लावलाही नव्हता. आता मात्र एक तक्रार आली होती. ती चष्मेवाल्याची होती, हे त्याच्याखेरीज फक्त परवाना अधिकाऱ्याला ठाऊक होतं.

तक्रार नानांविरुद्ध मुळीच नव्हती. समोरच्या मोबाइलवाल्यानं दुकानाबाहेर लाल-निळी उघडझाप करणारी पाटी लावली होती. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत चष्मेवाल्याची बायको अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. ते लाल-निळं तिच्या तोंडावर नाचत राहायचं. पडदा ओढला की तिला कोंडल्यासारखं व्हायचं. “अहो, त्याला सांगून तरी बघा,” ती म्हणाली, म्हणून हा सांगायला गेला. मोबाइलवाल्यानं बसायला खुर्ची दिली, गोड बोलला आणि पाटी होती तशीच ठेवली. मग चष्मेवाल्यानं गुपचूप तक्रार केली. उगाच भांडण नको, एवढंच त्याच्या मनात. भांडण नको म्हणणारी माणसं कधी कधी भांडखोरांपेक्षा जास्त वाटोळं करतात.

“नियम लावायचा तर सगळ्यांना लावावा लागेल,” अधिकारी सांगत होता. “एकाला धरायचं नि दुसऱ्याला सोडायचं, असं नाही करता येणार.”

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे ओलं म्हणजे नानांची किल्ली. माणसाच्या उंचीची, पत्र्याची, दुकानावर लोखंडी दांड्याला टांगलेली. नानांच्या धाकट्या भावानं ती बनवली होती आणि तो भाऊ आता या जगात नव्हता. पत्ता सांगताना सगळा रस्ता ‘किल्लीपासून डावीकडे’ म्हणायचा. वारा सुटला की ती दांड्यावर करकरायची. गावभरच्या कुलपांना तेल घालणारे नाना तिला मात्र कधी थेंबभर घालत नसत.

नाना बोलायला उठले. “साहेब, माझी किल्ली आजवर कुणाच्या डोक्यात पडली नाही. माझ्या पडली असती तर थोडी अक्कल तरी आली असती.” सभागृह हसलं. मग नानांचा आवाज खाली आला. “भावाच्या हातची आहे हो. राहू द्या.”

अध्यक्षबाई भल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “एका तक्रारीवरून हे सगळं निघालंय. तक्रार करणारा इथे असेल आणि आत्ता ती मागे घेत असेल, तर विषय इथेच मिटवू. आहे का कुणी?”

अधिकारी छताकडे पाहू लागला. चष्मेवाल्यानं पायांत जोर आणला. नुसतं उभं राहायचं होतं, भाषणसुद्धा करायचं नव्हतं. नानांनी मान वळवून एकेक बाक न्याहाळलं, आपलं सोडून.

“कोण असेल हो?” ते कुजबुजले. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!”

“काय सांगावं,” चष्मेवाला म्हणाला. त्याला स्वतःची किळस आली. पण तो उठला नाही, आणि ठराव मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात नानांनी शिडी लावली आणि हाक मारली. “भाऊ, जरा धरता का? दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही बघा.”

चष्मेवाल्यानं शिडी घट्ट धरली. गंजलेले बोल्ट फिरेनात. गंजाचे कपचे त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होते. त्यानं ते झटकले नाहीत.

“नाना, मला तुम्हाला काही सांगायचंय.”

“आधी ही झेला, मग सांगा.”

किल्ली त्याच्या कवेत उतरली. नाना खाली आले आणि तिच्या पत्र्यावरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “काय म्हणत होता?”

“काही नाही. हात जपा, पत्रा लागेल.”

मोबाइलवाल्यानं आपली पाटी काढून काचेच्या आत लावली. आतल्या पाट्यांना नियम लागू नव्हता. दिवेलागण झाली तशी तीच लाल-निळी उघडझाप पुन्हा चष्मेवाल्याच्या खोलीत शिरली. बायकोनं डोळे मिटून घेतले. तो तिला चमच्यानं दूध पाजत होता. खाली काय झालं, त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

“अहो, आज वारा अगदीच पडलाय का?” तिनं विचारलं. “नानाभावजींची किल्ली वाजली नाही ती. पडल्यापडल्या तीच ऐकत असते मी. तेवढंच बाहेरचं कळतं.”

बंद काचेपलीकडे, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दोरी तोडून जातील अशा फडफडत होत्या. अंथरुणातून तिला त्या दिसत नव्हत्या.

“हो,” तो म्हणाला. “पानसुद्धा हलत नाहीये.”

मग वाटी खाली ठेवून तो उठला, आणि तिच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडकीला पाठ लावून तसाच उभा राहिला.