नदीत सोडलेला तुकडा

ही गोष्ट २०१५ सालची, कवठे येमाईतली. माझी सून सारिका तेव्हा अडतीस वर्षांची होती. तिने कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, तरी फुफ्फुसात कॅन्सर निघाला.

दौंडच्या दवाखान्यात सुईने तुकडा काढताना तिच्या छातीत हवा भरली, कशीबशी वाचली. पुन्हा सुई घालणे जमणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. मेणाच्या वडीत बसवलेला तो तुकडा पुण्याच्या लॅबमध्ये न्यायचा होता. माझ्या मुलाने, बिरदेवने, पुडी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली आणि तो रांजणगावला कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेला. मला काही सांगितले नाही.

"काय गं हे?" मी सारिकाला विचारले.

"माझ्या छातीतलं मांस हाय, आत्याबाई. निवदाला न्हाई चालायचं," ती हसली आणि खोकत आडवी झाली.

जित्या माणसाच्या अंगावेगळे झालेले आम्ही घरात ठेवत नाही. नाळ, दुधाचे दात, सगळे पुरतो. पण माझे माहेर इनामगाव. लहानपणी तिथे साहेबलोक खणत होते. हजारो वर्षांपूर्वी रांजणात पुरलेल्या लेकरांची हाडे वर आलेली मी पाहिली. आई तेव्हा म्हणाली होती, "मातीचा भरवसा न्हाई. कवा ना कवा परत देती." म्हणून मी पुडी चिंधीत दगडासह बांधली, हळदकुंकू वाहिले आणि घोड नदीच्या डोहात सोडली.

सकाळी बिरदेवने फळी चाचपली. मी सांगितले. तो तसाच नदीकडे पळाला. दुपारपर्यंत गळाभर पाण्यात तळ चाचपत होता. ओल्या अंगाने उंबऱ्यावर येऊन बसला.

"आये, आपल्या हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटला व्हता बघ, बटण सोडलं तरी मोटार चालूच. डॉक्टर म्हणत्यात, हिच्या पेशीवरचं बटण तसंच चिकटलं असंल. कुणी सांगत न्हाई तरी पेशी वाढतीच. ते बंद करायची गोळी हाय. पण बिघाड तोच हाय का, हे त्या तुकड्यात दिसणार व्हतं. त्याबिगर गोळी देत न्हाईत."

मी त्याच्या पुढ्यात कोरडा पंचा ठेवला.

"पुरला असतास तर खणून काढला असता."

आतून सारिका म्हणाली, "जाऊ द्या वो. आत्याबाई मला आधीच सोडून आल्या नदीला."

मग केमो झाली. चार महिन्यांत ती कपड्याच्या घडीएवढी उरली. शेवटी डॉक्टरांनी अंदाजानेच गोळी सुरू केली. आठ दिवसांत खोकला थांबला. नवव्या दिवशी तिने बसून एक भाकरी थापली. मी ती भाकरी खाल्ली. अठराव्या दिवशी ती गेली. अंगात काही शिल्लकच नव्हते.

"आधी दिली असती तर?" मी डॉक्टरांना विचारले.

"वर्ष, दीड वर्ष मिळालं असतं कदाचित. मग हा आजार दुसरी वाट काढतोच, आजी."

वर्ष, दीड वर्ष. धनश्रीची, माझ्या नातीची, दहावी तेवढ्यात झाली असती.

ते डॉक्टर पुढे पुण्याला गेले. धनश्री आता दौंडला लॅबमध्ये आहे, तसल्याच वड्यांवर नंबर घालते. मी एकदा विचारले, पाण्यात वडीचे काय होते. "मेण विरघळत न्हाई, आजी," एवढेच ती म्हणाली. बिरदेवने दुसरे लग्न केले नाही. माझ्याशी तो कामापुरते बोलतो. दर उन्हाळ्यात डोह आटला की एकदा तिकडे जाऊन येतो. परत आल्यावर त्याचे हात कोपरापर्यंत चिखलाचे असतात, आणि मी पाणी ओतते.