पेटी कुणाची, पत्र कुणाचं

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी टपालपेटी आहे. क्लीव्हलंड शहरातल्या एका तीन मजली इमारतीच्या दाराशी आम्ही बाराजणी भिंतीत बसवलेल्या आहोत. माझ्यावर नाव आहे लिओना प्रुइट यांचं. पूर्वी त्या मला रोज पदराआड जपावं तशा बाहीने पुसायच्या.

आईच्या अंत्यविधीवरून भावाशी, ओटिसशी, त्यांचा आठ वर्षं अबोला होता. तो आजारी पडल्याचं कळलं तेव्हा त्यांनीच आधी पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट पाहू लागल्या. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या झडपेचं कुलूप मोडलं. पोस्टमन डेझमंड ती एकच झडप उघडून बाराही पेट्या भरतो. झडप बंद होत नसेल तर टपाल टाकायचं नाही, असा नियम आहे.

"मिस लिओना, भावाचं पत्र आलंय. टपालकचेरीत दहा दिवस ठेवतील, मग परत पाठवतील," तो म्हणाला.

"मग येताना घेऊन ये की."

"नोकरी जाईल माझी. ओळखपत्र घेऊन तुम्हालाच यावं लागेल. नाहीतर मालकांना कुलूप बसवायला सांगा."

मालक म्हणाले, "पेटी टपालखात्याची. त्यांनी बघावं."

"पेटी मालकांचीच आहे," डेझमंड म्हणाला.

"तुमचं ठरेपर्यंत माझा भाऊ थांबणार आहे का?" बाई म्हणाल्या.

मालक रोज 'उद्या' म्हणत राहिले. शेवटी बाराव्या दिवशी दुखरे गुडघे घेऊन बाई स्वतः कचेरीत गेल्या. पत्र आदल्या दिवशीच परत गेलं होतं. त्यांनी तिथेच उभ्याने ओटिसला दुसरं पत्र लिहून पाठवलं.

महिन्याने कुलूप बसलं. पहिल्याच दिवशी डेझमंडने माझ्यात रुग्णालयाचं जाड पाकीट ठेवलं. बाईंनी ते माझ्यासमोरच फोडलं. आत ओटिसचं परत गेलेलं पत्र होतं, बाईंचं न उघडलेलं दुसरं पत्र होतं आणि नर्सची चिठ्ठी होती. बाईंनी ती हळू आवाजात वाचली. 'तुमचं दुसरं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी ओटिस वारले. लिओनाने माझं पत्र परत पाठवलं, तिचा राग गेला नाही, असं शेवटपर्यंत म्हणत होते.'

बाई माझ्या दारावर कपाळ टेकून रडल्या. मी पितळेची, मला काय करता येणार होतं?

मित्रांनो, तुमच्या जिन्याखालच्या पेटीचं कुलूप मोडलं, तर पेटी कुणाची यावर भांडत बसू नका. आत कुणाचं पत्र यायचंय ते आधी विचारा आणि कुलूप त्याच दिवशी बसवा.

लिओनाबाई आता खाली येत नाहीत. त्यांचं टपाल डेझमंड तिसऱ्या मजल्यावर चढून हातात देतो. नियमात ते अजूनही बसत नाही.