गडग्याचे वरचे थर

संचिताला शिरवणगडाची पेठ काही सापडत नव्हती, आणि हे तिसरं वर्ष चालू होतं. गड होता, डोंगरावर ठणठणीत उभा होता. पण जुन्या कागदांत गडाखाली कोट घातलेली भली मोठी पेठ होती, घोड्यांचं तळं होतं, कापडाची दुकानं होती. त्यातलं तळं तेवढं राहिलं होतं. पेठ कुठे गेली, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुण्यातल्या तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, यंदा मार्चअखेर पेठेचा नकाशा आला नाही तर शिरवणगड सोडायचा आणि दुसरा विषय धरायचा.

मुलगी परकी मुळीच नव्हती. कोकणातल्याच कसालच्या मास्तरांची लेक. पण शिकलेल्या माणसाला एक खोड असते, त्याला लांबचं बरं दिसतं आणि पायाखालचं दिसत नाही.

शिरवणात ती मथुराकाकीकडे राहायची. पहिल्या वर्षी दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि तिथलीच झाली. काकीचा नवरा दत्ताराम जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा ओमकार गोव्यात नोकरीला. काकीने संचिताला पेज वाढली, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि रानातून उशिरा आली की आईने द्याव्यात तशा शिव्याही दिल्या. संचिता कधीकधी जेवताना मध्येच थांबायची. एवढं कुणी आपल्याला का द्यावं, हे तिला कळायचं नाही.

गेल्या दिवाळीत काकीने तिला विचारलं होतं. काकीच्या काजूच्या बागेच्या वरची भरडाची, म्हणजे पीक न येणारी कातळी जमीन चिरेखाणीला द्यायचं घाटत होतं, घरबांधणीचे जांभे चिरे काढायला. बदल्यात ओमकारच्या नव्या घराचे सगळे चिरे खाणवाला देणार होता.

"चेडवा, थंयसर तुज्या कामाचा काय आसा काय? आसात तर आताच सांग."

"नाय गो काकी. नुसतो गडगो आसा."

गडगा म्हणजे दगडावर दगड रचून घातलेली बागेची भिंत. कोकणात जन्मलेल्या माणसाला गडगा दिसत नाही. तो उडी मारून ओलांडायचा असतो, त्यावर बसून आंबे खायचे असतात. पुण्याच्या किंवा परदेशातल्या कुणी तो पाहिला असता, तर निदान हात लावून बघितलं असतं. संचिता तीन वर्षं त्याच गडग्यावर बसून डबा खात होती.

मार्चच्या मध्याला गावाची राखण आली. वर्षातून एकदा वेशीच्या राखणदाराला नारळ द्यायचा आणि गावाचं गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाण्याचा मान परशुरामकाकांच्या घराण्याचा. सगळे हात जोडून उभे राहिले आणि काकांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! घोडतळ्यावयल्या आवशी..."

"व्हय म्हाराजा!"

"वेशीवयल्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा!"

"गडाच्या पायरेवयल्या म्हापुरखा..."

संचिता लहानपणापासून गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत आली होती, डोळे मात्र नेहमी खोबऱ्याच्या तुकड्यांवर. आजही दोनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा तिचं तोंड उघडंच राहिलं. घोडतळं गडाखाली. पायरी गडाची. मग मधे वेस कुठून आली? शिरवणची वेस तर एसटीच्या थांब्यापाशी, ओहोळावर, मैलभर लांब.

खोबरं हातात तसंच धरून ती काकांच्या मागे लागली.

"काका, ही वेस खंयची?"

"खंयची म्हंजे? वेशीची! आज्यान सांगला तसा मी सांगतंय. एक नाव हयचा थंय झाला तरी देव कोपतलो."

"म्हंजे नावां वाटेच्या क्रमान आसत?"

"मगे? देवाक काय हयसून थंय उडये मारूक लावतलंव?"

"ती वाट माका दाखयशात?"

परशुरामकाकांनी तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तीन वर्सां रान तुडवतंस. आनी ह्या आज इचारतंस?"

काका अनवाणी पुढे आणि ती मागे. तळ्याला हात जोडून ते चढणीला लागले, काजूच्या बागेतून वर गेले आणि गडग्याला टेकून ठेवलेल्या एका शेंदूर लावलेल्या दगडापाशी थांबले.

"ही वेस."

हा दगड तिला ठाऊक होता. काकी त्याला हळदकुंकू वाहायची, आणि खाणवाल्यानेही त्याला हात लावणार नाही असं कबूल केलं होतं. संचिताने खाली बसून पाचोळा बाजूला केला. वरच्या वेड्यावाकड्या धोंड्यांखाली चिरे निघाले, हातभर लांबीचे, घडवलेले, चुन्यात बसवलेले. दोन पावलांवर दाराचा खुंट फिरायची खळगी. पुढे जिथे जिथे गडगा वळत होता, तिथे तिथे तो पोट काढून बाहेर येत होता. ते बुरूज होते. काजूच्या मुळांत तिला निळ्या नक्षीचं चिनी मातीचं खापर मिळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. तीन वर्षं ती पेठेच्या भिंतीवर बसून पेठ शोधत होती.

तिने काकांचे पाय धरले. काका ओशाळले. "माजे कित्याक? मी नुसती नावां घेतंय," म्हणाले आणि निघून गेले.

मग आनंद ओसरला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खाणीचं मशीन परवा येणार होतं, आणि इथे काही नाही हे सांगणारी ती स्वतःच होती.

काकी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. संचिताने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काकीने ऐकून घेतलं. हात थांबला नाही.

"दिवाळेक तूच नाय म्हणाललंस."

"चुकलंय, काकी."

"झिलाक सबूद दिललो आसा मी."

"तू म्हणशीत तर मी ह्या कागदार घालूचंय नाय." हे ती मनापासून बोलली. या बाईच्या हातचं तीन वर्षं खाल्लं होतं, तिच्या लेकराचं घर अडवायचं कोणत्या तोंडाने? खोलीत जाऊन मात्र ती उशीत तोंड खुपसून रडली.

काकी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी संचिता मोजपट्टी घेऊन गडग्यापाशी बसली. जाणारच असेल तर निदान आपल्यापाशी त्याचं चित्र तरी राहू दे. एकेक दगड मोजून ती कागदावर उतरवत होती.

मशीन यायच्या सकाळी काकी तिथे आली. बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

"खालचे चिरे बरे काडलंस. वयले असे वाकडे कित्याक?"

"ते तसेच आसत. खालचे कोटाचे. वयले कोणीतरी मागसून रचल्यान. पण काकी, ज्येनी रचल्यान तेचे उपकार मानूक होये. ह्ये वयले थर नसते तर पावसान खालचे कदीच उपटून न्हेले असते. दर वर्सा कोणतरी पडलेलो धोंडो परत बसवी. आट-धा वर्सां झाली, मगे कोणी हात लावूक नाय, शेवाळ बग."

काकीने वरच्या एका धोंड्यावर हात ठेवला.

"एकतीस वर्सां," ती म्हणाली. "मिरगाच्या आदी ह्ये हयसर येयत. पाठ धरी, तरी येयत. मी म्हणी, ढोरां अडवूक काट्यांचा कुंपण घाला, इतको जीव कित्याक काडतास? तर म्हणत, बापाशीन राखल्यान, मी राखतंय."

संचिताने पेन्सिल घेतली आणि चित्रात खालच्या थरांशेजारी लिहिलं, 'पेठेचा कोट, मूळ बांधकाम'. वरच्या थरांशेजारी लिहिलं, 'दुरुस्ती, एकतीस वर्षं, दत्ताराम गावडे'. कागद तिने काकीपुढे धरला. काकी चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि नावापाशी बोट तसंच ठेवलं.

तेवढ्यात खालच्या गाडीवाटेवर मशीनची घरघर ऐकू आली. काकी पदर खोचून वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"परत ने."

"अगो काकी, शेटनी सांगल्यानी हा..." चालक म्हणाला.

"शेटाक सांग, हयसर माज्या घोवाचा काम आसा. मोडूचा नाय."

"आनी ओमकाराचा घर?" संचिताने भीत भीत विचारलं.

"तेका मी सांगान. बापाशीचा नाव वाचीत तो पण." काकीने डोळे पुसले. "चिरे काय, खंयसूनव मिळतले."

मशीन धूळ उडवत मागे वळलं. संचिता पुढे झाली आणि काकीच्या पायांशी वाकली. काकीने तिला अर्ध्यावरच दंडाला धरून उठवलं आणि गडग्याकडे वळवलं.

"माज्या नको. थंय पड."

संचिताने जाऊन वरच्या थरावर डोकं टेकलं.