पढवलेली उत्तरं

ऑपरेशनला आठवडाही झाला नव्हता आणि गोदूबाई पुन्हा हॉस्पिटलच्या त्याच कॉटवर. सकाळपासून उलट्या, पोटात कळा, नाडी एकशे तीस. वजन उतरावं म्हणून जठर कापून लहान केलेलं. त्याचे टाके उसवले असतील तर जिवावर बेतेल, डॉक्टरांनी तिच्या मुलीला, क्षितिजाला, स्पष्टच सांगितलं.

"पातळ सोडून काही खाल्लंत?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"थोडंसंसुद्धा?"

"न्हाय."

क्षितिजाने तो 'न्हाय' लगेच ओळखला. ही उत्तरं तिनेच आईकडून घोटून घेतली होती. राहनाळच्या गोदामात नोकरभरतीचं काम बघता बघता मुलाखतीत काय बोलायचं हे तिला तोंडपाठ झालेलं. ऑपरेशनआधी समुपदेशक बाई मनाची तपासणी करणार होत्या. त्यात आई अडकली तर तारीख पुढे जाईल, आणि तिच्या रक्तातली साखर तर ऐकायला तयार नव्हती. मग शेलार गावातल्या घरी ओटीवर उजळणी झाली. चोरून खाता? न्हाय. दुःख झालं की खाता? न्हाय. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं, त्रास होतो? न्हाय. आई झोकात पास झाली आणि लेकीने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. काय पण हुशारी!

"डॉक्टर, तिला मी पढवलंय," ती बोलून गेली. "आये, मी शिकवलं ते सगळं विसर. खरं सांग. मी रागवनार न्हाय."



"तुज्या बापाचं ताट," गोदूबाई म्हणाली. "रोज वाढते. भात, सुकट, जे असंल ते. तू ड्युटीला गेलीस की. त्यांचं ताट फेकवत न्हाय गो. मंग मीच खाते. काल पन खाल्लं."

वर्षभर एका छपराखाली राहून क्षितिजाला याचा पत्ता नव्हता. तिला स्वतःची चीड आली. डॉक्टर मात्र थांबले नाहीत, स्ट्रेचर मागवलंच त्यांनी.

तासाभराने ते बाहेर आले. टाके शाबूत होते, भात अडकला होता, तो दुर्बिणीने काढला.

गोदूबाईने डोळे उघडले ते दुपारी.

"किती वाजलं?"

"एक."

"त्यांचं ताट ऱ्हायलं."

"मी वाढते आज, आये."

"वाढ," गोदूबाईने तिचा हात घट्ट धरला. "पन एकटी बसून खाऊ नको."