लग्नाशिवायचा चौक

सुदर्शन राऊत डहाणूच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकलेचे मास्तर होते. एवढ्या काळात त्यांनी पोरांकडून किती डोंगर काढून घेतले याची मोजदाद नाही. पण सगळे जोडीनं होते, एवढं नक्की. दोन डोंगर, मधे सूर्य, सूर्याखालून निघालेली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीला टेकून नारळ. डहाणूच्या पोरांनी सूर्य जन्मभर समुद्रात बुडताना पाहिलेला. वहीत मात्र तो डोंगरातून वर यायचा आणि दहापैकी आठ मार्क घेऊन जायचा. एकदा एका मासेमारी करणाऱ्या मांगेल्याच्या पोरानं सूर्य पाण्यावर टेकवला, तर सरांनी त्याला लाल पेनानं दोन डोंगर काढून दिले होते. पोरानं ते मुकाट्यानं रंगवले.

निवृत्तीनंतर कुणाला मधुमेह होतो, कुणाला अध्यात्म. राऊतसरांना तो पाण्यावरचा सूर्य आठवायला लागला. सकाळी फिरायला गेले की आठवायचा, भाजी निवडताना आठवायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, दर शनिवारी एखाद्या पाड्यावरच्या शाळेत जाऊन लहान मुलांना पाण्याचे रंग शिकवायचे. फुकट.

त्यांची बायको सरला म्हणाली, "पगार घेऊन एकतीस वर्षं पोरांचं वाटोळं केलंत. आता पदरमोड करून करणार?"

शाळा मिळाली ती तलासरीच्या पुढं, करंजपाड्याची. चौथीपर्यंतची, दोन खोल्यांची. मुख्याध्यापिका कीर्तीबाईंनी त्यांचा अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"फुकट शिकवणार? निवडणुकीला उभे राहताय का, सर?"

"नाही हो."

"मग नातू या शाळेत घालायचाय?"

"नाही."

"मग बरं नाही वाटत मला," असं म्हणून त्यांनी सही केली.

सरांनी रंगांच्या पेट्या आणल्या आणि प्रत्येक पेटीतली पांढरी वडी काढून खिशात टाकली. पांढरं हवं तिथं कागद सोडायचा, ही पहिली शिकवण. दुसरी शिकवण, दिसेल ते काढायचं. पोरांनी माना डोलावल्या, करवंट्यांत पाणी घेतलं, ब्रशाची टोकं जिभेवर फिरवून नीट केली आणि सगळ्यांनी मिळून दोन डोंगर काढले. मधे सूर्य. सरांना साथीच्या रोगाचा डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. फक्त रोग त्यांनीच पसरवलेला होता.

सहा शनिवार डोंगर उपटण्यात गेले. सातव्या शनिवारी तिसरीतल्या रूपीनं एक कागद आणून दिला. कागदावर तपकिरी रंगाची वेटोळी होती, एकात एक, आत जातील तशी गडद. अगदी मध्यभागी रुपयाएवढा कोरा कागद.

"हे काय गं?"

"हिर," रूपी म्हणाली.

सरांनी कागद जमिनीवर ठेवला आणि वरून वाकून पाहिलं. विहीर होती. एप्रिलची, तळाला गेलेली. मधे उरलेलं हातभर पाणी आणि त्या पाण्यात पडलेलं आभाळ, म्हणून तो तुकडा पांढरा. या पोरीनं आभाळ काढायला मान वर केलीच नव्हती. सर बराच वेळ वाकून राहिले. कीर्तीबाईंना वाटलं, पाठीत उसण भरली.

त्या दिवसापासून राऊतसरांना जगात एकच गोष्ट हवी होती. या पोरीला जे दिसतं तेच काढायची सवय आहे. ती मोडू नये. बाकी रोग होऊ दे, पूर येऊ दे.

पण मे लागायच्या आत तालुक्याहून पत्र आलं. शनिवारचे तास यापुढे वाचनाच्या सरावासाठी. बाहेरच्या व्यक्तींचे वर्ग बंद. अपवाद फक्त 'ठळक यश' दाखवणाऱ्या वर्गांचा. जिल्ह्याला लहान मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं बक्षीस मिळालं तर ते यश ठळक. वर्ग गेला तर रूपीचे रंग गेले, कारण पाड्यात दुसरी पेटी नव्हती. सर विहीर घेऊन तालुक्याच्या साहेबांकडे गेले.

साहेब हसतमुख होते. त्यांनी कागद हातात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. फरक पडला नाही.

"हे काय आहे, सर?"

"विहीर."

"रहाट कुठाय?"

"आपण वरून बघतोय, साहेब. आत."

"एवढं वाकून बघितलं तर पडेल की मुलगी! शाळेवर येईल." साहेबांनी चहा मागवला. "मुलगी वारली आहे ना?"

"हो."

"मग वारली चित्र पाठवा ना राव! परीक्षक मुंबईहून येणारेत. तलासरीहून काय आलं तर हे डाग? त्यांना काय सांगू, आमच्याकडे डाग चांगले पडतात?"

"पण साहेब, ती पांढरा रंग वापरतच नाही."

"मग आणा ना पांढरा. स्टेशनरीत मिळतो."

परतीच्या एसटीत राऊतसरांनी स्वतःशी तह केला. एकदाच. एक चित्र त्यांच्यासाठी. वर्ग वाचला की पुढचे सगळे शनिवार रूपीच्या डोळ्यांसाठी. माणूस एसटीत बसला की असले तह फार सोपे वाटतात, कारण खिडकीतून सगळंच मागं जात असतं.

शनिवारी त्यांनी विचारलं, "रूपी, तुला वारली येतं ना?"

"बोलता येतं."

"चित्र गं. भिंतीवरचं."

"ते मला नाय. ते लगनात सवाशिणी काढतात."

मग सरांनी मोबाइल काढला. त्यात पुण्याचा एक तरुण पाच मिनिटांत वारली शिकवत होता. त्रिकोणावर उलटा त्रिकोण, वर ठिपका, झाला माणूस. रूपीला हसू आलं. तिनं असा माणूस पाड्यात पाहिलेला नव्हता. कीर्तीबाई मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, नाचणारी माणसं आता रेल्वे स्टेशनावर पण असतात, काहीतरी भारी काढा. ते चौक असतात ना, मधे देवी बसलेली, ते. सरांनी एका जुन्या कॅलेंडरावर तो चौक शोधला. चौकटीत चौकट, नक्षी, मधे पालघट देवी. रूपीनं तपकिरी कागदावर, नव्या पांढऱ्या रंगानं, तो कॅलेंडराबरहुकूम उतरवला. हात चांगला होता तिचा. चांगल्या हाताचं हेच वाईट असतं, सांगाल ते करतो.

एवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांना फोटो हवा होता, मुलं चित्र काढताना. कागद फोटोत दिसत नाही म्हणून कीर्तीबाईंनी ओटीवरच्या भिंतीला गेरू लावून घेतला आणि तोच चौक पुरुषभर उंचीचा काढवला. रूपीनं देवी काढली, बाकी पोरांनी नक्षी भरली. साहेब सोमवारी येणार होते.

भिंत काढून झाली त्या शनिवारी सरांनी मुक्काम शाळेतच केला. रविवारी सकाळी ते दात घासत असताना लहान्या आला. लहान्या पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस. तो भिंतीसमोर उभा राहिला, मग सरांकडे पाहिलं, मग आत शाळेत डोकावला.

"मास्तर, लगीन कोनाचा हाय?"

"लग्न कुणाचं नाही, बाबा."

"चौक लिवलाय."

"ते असंच. स्पर्धेसाठी."

लहान्यानं थोडा विचार केला. "बाईंचा हाय का?"

"कीर्तीबाईंचं झालंय हो लग्न. दोन मुलं आहेत त्यांना."

"मग तुजा?"

तासाभरात ओटीसमोर वीसेक माणसं जमली. कुणी हसत होतं, कुणी नवरा कोण त्याचे अंदाज करत होतं. तारपा वाजवणाऱ्याला सांगायचं राहिलं म्हणून एकानं काळजी केली. थट्टेत थट्टा मिसळत होती, पण बायका हसत नव्हत्या. त्या भिंतीपासून जरा लांब उभ्या होत्या, जशा कुणाच्या घरी न बोलावता गेल्यावर उभ्या राहतात.

शुक्री, रूपीची आई, चिकूच्या वाडीतून तशीच आली. रविवारीही तोडणी होती. तिच्या कमरेला अजून विळा खोचलेला होता.

"मास्तर, ही देवी कोनी काढली?"

"रूपीनं. सुंदर काढलीय, शुक्रीबाई. हात आहे तुमच्या मुलीला."

"लगीन नाय, नवरी नाय, गानं नाय. न तू हिला बोलावलीस." पाड्यात देवाला तू म्हणतात आणि मास्तरलाही. "आता बसवलीस तर खायला काय देशील?"

सर हसून म्हणाले, "अहो, ते चित्र आहे नुसतं."

शुक्री त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं. आजारी माणसाकडे पाहतात तशी पाहत होती.

"मग पुसून टाक."

"पुसतो ना. उद्या साहेब येऊन गेले की लगेच पुसतो. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"तवर उपाशी ठेवशील?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत आला नव्हता. शुक्री घरी गेली, पदरात मूठभर तांदूळ घेऊन आली आणि भिंतीखाली ठेवून वाडीत परत गेली. त्या तांदळांवर संध्याकाळपर्यंत मुंग्या आल्या. सोमवारी कीर्तीबाईंनी फोटोआधी ते झाडून घेतले.

साहेब आले, फोटो झाले. भिंत पुसायची ठरली होती, पण साहेबांना ती फार आवडली. म्हणाले, "राहू दे, शाळेला शोभा आहे." कायम राहू दे, असं तोंडीच सांगितलं, लेखी मागण्याची कुणाची हिंमत नव्हती.

चित्राला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. पालघरच्या समारंभात मुंबईचे परीक्षक भारावले होते. त्यांनी माइक धरून सांगितलं की ही कला शिकवून येत नाही, ती यांच्या रक्तातच असते. मग त्यांनी रूपीला जवळ घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाळ, हे तुला कुणी शिकवलं? आजीनं?"

"मोबाइलनं," रूपी म्हणाली.

मग परीक्षक खळखळून हसले, "किती निरागस!" म्हणाले आणि टाळ्या पडल्या. राऊतसरांना स्टेजवर बोलावून शाल घातली. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'वारली चित्रकला तज्ज्ञ मार्गदर्शक'. शनिवारचा वर्ग कायम झाला. शिवाय आणखी तीन पाड्यांवरच्या शाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. विषय, वारली. साहेबांनी त्रिकोणांसाठी साचे पाठवायचंही कबूल केलं, म्हणजे लहान मुलांना सोपं जाईल.

सरलानं प्रमाणपत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. "पूर्वी डोंगर होते," ती म्हणाली. "आता एक डोंगर उलटा ठेवायचा, एवढंच ना?"

पुढच्या शनिवारी वर्गात रूपी नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. सर तिच्या घरी गेले. दुपारचं ऊन होतं. अंगणात तांदूळ वाळत घातले होते आणि रूपी हातात काठी घेऊन कोंबड्या राखत बसली होती. शुक्रीनं सरांना खाट टाकून दिली, पाणी दिलं.

"आता नाय येत ती," शुक्री म्हणाली. "पोरं नवरी म्हनतात तिला. नवरी, नवरी, नवरा कुठं. बायका पन बोलतात. मोठी होईल, लगीन होईल, सवाशीण होईल, तवा काढंल चौक. तवर नको."

"चौक नाही काढायला लावणार मी तिला, शुक्रीबाई. शप्पथ. तिला दुसरं काहीही काढू दे. तिचं तिला दिसेल ते."

शुक्री नको म्हणाली नाही. सरांनी पिशवीतून कागद काढला, पेटी काढली, लोट्यातलं पाणी झाकणात ओतलं आणि सगळं रूपीसमोर मांडलं. पांढरी वडी नव्हती. समोर वाळणारे तांदूळ होते, त्यांच्यावर कोंबडीची सावली पडत होती, मागं चिंचेखाली अंधार होता इतकं ऊन.

"काढ, बाळ. काय दिसतंय?"

रूपीनं अंगणाकडे नाही, सरांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ, नीट, जशी ती पूर्वी विहिरीत वाकून पाहायची. मग तिला उत्तर सापडलं असावं. तिनं ब्रशाचं टोक जिभेवर फिरवलं, तपकिरी रंग घेतला आणि एक त्रिकोण काढला. त्याच्यावर उलटा त्रिकोण. वर ठिपका. एकही रेघ वाकडी नाही. शेजारी दुसरा, मग तिसरा, हातात हात दिलेले.

"बरोबर?" तिनं विचारलं.

सरांनी कागद हातात घेतला. त्यात काढायला चूक नव्हती.

"बरोबर," ते म्हणाले.

तिनं ब्रश झाकणातल्या पाण्यात धुतला, फ्रॉकला पुसला, त्यांच्या हातात परत दिला, आणि काठी घेऊन तांदळावर आलेली कोंबडी हाकलायला उठली.