कुशीतली खिडकी

मित्रांनो, मी एक म्हातारी गाय आहे. बसूनच बोलते, रागावू नका. उठायचं म्हटलं की पुढचे गुडघे कुरकुरतात, आणि एकदा उठले की पुन्हा बसायचा धीर होत नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्या गोठ्यातला. आईने मला चाटून कोरडं केलं आणि तासाभरातच माझ्या कानात पिवळा बिल्ला ठोकला गेला. त्यावर एकवीस हा आकडा होता. नाव म्हणाल तर तेवढंच.

तिसऱ्या वर्षापर्यंत मी चारचौघींसारखी कालवड होते. मग एके सकाळी मला खोड्यात उभं केलं. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या कुशीवरचे केस भादरले, सुया टोचून ती बाजू बधिर केली आणि उभ्या उभ्याच तिथे बशीएवढं भोक पाडलं. त्यात जाड रबरी कडं बसवलं आणि कड्याला बूच लावलं. आमच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्याला कोटीपोट म्हणतात. खाल्लेला चारा आधी तिथे पडतो, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू त्याला मऊ करतात आणि मग आम्ही सावकाश रवंथ करतो. हे सगळं आत कसं चालतं, ते माणसांना पाहायचं होतं. बूच काढलं की खिडकीतून दिसावं तसं थेट दिसायचं.

माणसं पोटात एक आणि ओठांवर एक ठेवतात म्हणे. मला ती सोय उरली नाही.

दुखायचं का, असं तुम्ही विचाराल. जखम भरल्यावर दुखायचं नाही. पण थंडीच्या सकाळी गार हातमोजा खांद्यापर्यंत आत आला की अंगावर शहारा यायचा. चाऱ्याच्या छोट्या छोट्या पिशव्या दोरीला बांधून माझ्या पोटात सोडायच्या, एखादी सहा तासांनी काढायची, एखादी दोन दिवसांनी, आणि किती पचलं ते तोलून पाहायचं. दर वर्षी शिकणारी नवी मुलं रांग लावायची. पहिला हात आत गेला की, "बापरे, किती गरम आहे आत!" हे वाक्य ठरलेलं. सुरुवातीला मी कान टवकारायची. पुढे पुढे मी डोळे मिटून रवंथ करत राहायची.

कौतुकही झालं. विभागाच्या भिंतीवर माझा मोठा फोटो लागला. खिडकी छान आली होती, तोंड मात्र चौकटीबाहेर राहिलं होतं.

गोठा सांभाळायचे ते काका. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. आणि एक होती चष्मेवाली. ती मोठ्या पदवीसाठी संशोधन करत होती. आम्हा गायींच्या ढेकरांमधून निघणाऱ्या वायूने हवा तापते, तेव्हा एका झाडाच्या पाल्याची पूड दिली तर तो वायू कमी होतो का, हे तिला शोधायचं होतं. खिडकीवाल्या आम्ही चौघी होतो. दोघींना पूड मिळायची. मी उरलेल्या दोघींपैकी, म्हणजे तुलनेसाठी. साठ दिवस, दोन वेळा, तेच मोजून दिलेलं गव्हाचं सुकं काड. हिरव्या गवताचा वाससुद्धा नको.

त्या प्रयोगाच्या बावन्नाव्या दिवशी दवाखान्यात एक टेंपो आला. त्यात एक गाय आडवी पडली होती. मान कुशीकडे वळवलेली, डोळे खोल गेलेले. बरोबर तिचा मालक होता, अंगावरचं पीठही न झटकता आलेला बेकरीवाला.

"काल हिने शिळ्या पावांच्या पोत्यात तोंड घातलं," तो सांगत होता. "अर्धं पोतं फस्त केलं. मला वाटलं, खातेय तर खाऊ दे, नाहीतरी टाकायचेच होते. माझीच अक्कल गहाण पडली!"

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. "आत सगळं आंबलंय. पोटातले जंतू मेलेत. पोट उघडून धुता येईल, पण धुतलेल्या पोटात पचवणार कोण? एखाद्या धडधाकट गायीच्या पोटातलं पाणी त्यात घालावं लागेल. वीस लिटर तरी."

पूड न खाणाऱ्या दोघींत धडधाकट मीच होते, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. काका पुढे झाले. "डॉक्टर, हिच्यावर ताईंचा प्रयोग चाललाय. आठ दिवस राहिलेत फक्त."

चष्मेवालीला बोलावलं. ती धावत आली, ऐकून घेतलं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्या पोटातून एवढं पाणी काढलं की सगळी तुलनाच मोडणार होती. बावन्न दिवस पाण्यात.

"आठ दिवस थांबता येणार नाही ना?" तिने विचारलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं.

"आठ तास थांबता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण प्रयोग तुझा आहे. मी हुकूम सोडणार नाही."

बेकरीवाला हात चोळत म्हणाला, "ताई, तुमचं ते शिक्षण मला कळत नाही. आमच्या घरात ही एकच आहे. आई सकाळी उठल्यावर आधी हिची चौकशी करते, मग माझी. तिला मी काय सांगू?"

चष्मेवालीने टेंपोकडे पाहिलं. मग हातमोजा चढवला. "बादल्या आणा, काका. मीच काढते."

पाणी काढताना तिचं कपाळ माझ्या बरगड्यांना टेकलं होतं. बरगड्या ओल्या झाल्या. "सॉरी गं, एकवीस," ती पुटपुटली. "तुला परत पहिल्यापासून."

तिसऱ्या दिवशी ती गाय उठली आणि तिने गवताला तोंड लावलं. बेकरीवाला इतका खूश झाला की माझ्यासाठी टोपली भरून ताजे पाव घेऊन आला. काकांनी कपाळावर हात मारला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? एकीला याच पावांनी झोपवलंत, आता हिलाही झोपवता का?" तो ओशाळला, मग पोट धरून हसला. पाव मुलांनी खाल्ले.

मी पुन्हा साठ दिवस काड खाल्लं. मित्रांनो, उपकाराचं कौतुक दोन दिवस टिकतं. काड साठ दिवस पुरतं.

चष्मेवालीला पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. जाताना तिने आपल्या जाड प्रबंधाचं पहिलं पान मला वाचून दाखवलं. त्यात गाय क्रमांक एकवीसचे आभार मानले होते. मग डॉक्टर निवृत्त झाले. माझ्या तिघी सोबतिणी एकेक करून गेल्या. प्रयोगशाळेत काचेची भांडी आली. ती गायीच्या पोटासारखं काम करतात म्हणे. त्या पोटांना भूक नाही, थंडी नाही, शेण नाही. मला कोण विचारतो!

महिनोन्‌महिने बूच कुणी काढलं नाही. रबरी कड्याला चीर गेली. आतलं पाणी झिरपून कातडी सोलवटली, माश्या बसू लागल्या, आणि एका उन्हाळ्यात जखमेत अळ्या झाल्या. काकांनी अळ्या वेचल्या, मलम लावलं. त्यांनी तीन अर्ज केले. उत्तर आलं की पुढे प्रयोग नसल्यामुळे कडं बदलण्याचं कारण दिसत नाही.

शेवटी जनावरांची पाहणी करणारी समिती आली. पुढे उभे असलेले साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "हिचा आता उपयोग काय?"

काकांचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही, नुसता थरथरला. "साहेब, उपयोग संपला म्हणून जखम वाहायची थांबते का? भोक आपण पाडलंय. ती आपल्या दारात मागायला आली नव्हती."

समितीतल्या एक बाई खाली वाकल्या, त्यांनी कड्याजवळ नाक नेलं आणि रुमाल लावून मागे सरल्या. आठ दिवसांत नवं कडं आलं. मरेपर्यंत मला इथेच सांभाळायचं, कुठलाही प्रयोग करायचा नाही, असा कागदही आला. काका हसले. मी मात्र हसू शकले नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्या माणसाला थरथरावं लागलं, याचाच मला जास्त शीण आला.

आता माझे दिवस गव्हाणीपाशी बसून जातात. परवा शाळेतली काही मुलं आली होती. त्यांच्या शाळेतल्या बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. मुलांनी विचारलं, हिच्या पोटात किती चारा मावतो, बूच निसटलं तर काय होईल, आत किती गरम असतं. काकांना सगळी उत्तरं पाठ होती.

मागे उभी असलेली एक लहान मुलगी म्हणाली, "हिला काय आवडतं?"

माझ्या पोटात कोणता चारा किती तासांत विरतो, याच्या नोंदींनी कपाटं भरलीत. हा प्रश्न त्यातल्या एकाही कागदावर नव्हता.

"खरं सांगू, बाळा?" काका खालच्या आवाजात म्हणाले. "मी कधी विचारच केला नाही. चल, बघू या."

मग त्या दोघांनी शोधायला सुरुवात केली. कानामागे खाजवलं. पाठीवर हात फिरवला. शिंगांच्या मुळाशी चोळलं. मी रवंथ करत राहिले. मग त्या मुलीची इवलीशी बोटं माझ्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीवर आली, आणि माझी मान आपोआप वर झाली. पार वर, जितकी जाईल तितकी. डोळे मिटले. मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

"हे!" ती ओरडली. "काका, हिला हे आवडतं!"

मित्रांनो, तुम्ही खूप शिका. आमच्याकडूनही शिका, आमची ना नाही. पण ज्याच्या जिवावर शिकाल, त्याचा उपयोग संपल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवू नका, आणि त्याला काय आवडतं ते वेळेवर विचारा. मला विचारलं तेव्हा माझे दात झिजले होते.

काका आता रोज येतात आणि माझ्या गळ्याखाली खाजवतात. त्यांचाही हात लवकर दुखून येतो. मग आम्ही दोघं थोडा वेळ नुसते बसून राहतो.